आठ बोटं आणि एक पेर

माझे थोरले दीर आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानाने अधू आहेत, गुडघ्यांनी त्याहून अधू आहेत, पण कुठल्याही लग्नाच्या मांडवात चार माणसं निवांत बसलेली दिसली की त्यांना आमची पहिली म्हैस आठवते. "काष्टीच्या बाजारातनं आणली मी," अशी सुरुवात होते. मग म्हशीची शिंगं, मग तिचं दूध, मग त्यांनी सौदा कसा जमवला ते. ऐकणारे माना हलवतात. मी तिथेच कुठेतरी खुर्चीत बसलेली असते आणि माझ्या कानशिलांतून जाळ निघतो. म्हैस मी आणली. पन्नास वर्षं मी हे गिळत आले आहे, आणि गिळून बसण्याचा माझा स्वभाव नाही हे आमच्या गावात कुणालाही विचारा. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

लग्नात माझ्या आईने मला दोन शेळ्या आंदण दिल्या होत्या. भांडी सासरची होतात, दागिना अडीनडीला मोडला जातो, पण आंदणाची शेळी आणि तिची पिल्लं लेकीची, असा आमच्याकडे रिवाज. त्या दोनांच्या मी अकरा केल्या. मोठ्या दुष्काळात लोकांची खिल्लारं कवडीमोलाने गेली, पण माझ्या शेळ्या बाभळीच्या शेंगांवर जगल्या. रोज दुपारी मी काठीला आकडी बांधून शेंगा पाडायची. हाताला काटे, डोक्यात काटे, लुगड्याला काटे. सासूबाई म्हणायच्या, "शेळ्या पाळती का काटं पाळती?"

दुष्काळ सरला, पुढच्या पावसाळ्यात पीक आलं आणि गावात दूध गोळा करायचं केंद्र निघालं. सकाळ-संध्याकाळ दुधाची गाडी यायला लागली. ज्याची म्हैस त्याच्या नावाचं कार्ड. ते कार्ड मी शेजारच्या घरी पाहिलं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात म्हैस बसली. दारात आलेल्या बकरकसायाशी सकाळपासून दुपारपर्यंत भांडून मी अकराच्या अकरा शेळ्या विकल्या. तो जाताना म्हणाला, "वैनी, पुढच्या येळेला मालकाला बाहेर पाठवा." मी म्हटलं, "मालकच बोलतोय."

पैसे हातात आले आणि घरात इंजिनाचा विषय निघाला. विहिरीवर मोटेच्या जागी ऑइल इंजिन बसवायचं दिरांच्या फार दिवस मनात होतं. विचार वाईट नव्हता. पण इंजिन घरचं झालं असतं आणि शेळ्या माझ्या होत्या. दोन दिवस भांडी आदळली. शेवटी माझे यजमान, जे साखर कारखान्यात कामाला होते आणि भांडण लागलं की कारखान्याचा भोंगा वाजायची वाट पाहणारे होते, त्यांनी तोड काढली. "एक बाजार बघा. त्यात म्हैस मिळाली तर म्हैस. न्हाई मिळाली तर पैसं इंजनाला. दादा जाईल बरुबर."

दादा बरोबर का, ते सांगितलं पाहिजे. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. म्हशीच्या सौद्यात एक बोट म्हणजे शंभर. पंजा धरला की पाचशे, मग सोडून तीन बोटं धरली की आठशे. बोटाचं मधलं पेर दाबलं की पन्नासाचा हिशेब. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आता परक्या पुरुषाच्या हातात हात कोणती बाई घालणार? त्यामुळे म्हशीचं शेण काढायचं बाईने, धार काढायची बाईने, आणि म्हैस घ्यायची वेळ आली की बाईने लांब उभं राहायचं.

मला बोटं येत होती. माझे वडील शेळ्यामेंढ्यांचा बारका व्यापार करायचे. त्यांना मुलगा नव्हता. रात्रीच्या भाकरीची वाट बघत ते माझा हात आपल्या धोतराच्या सोग्याखाली ओढायचे आणि सौदा करायचे. चुलीपुढे बसून मी त्यांना एकच बोकड तीनदा विकला होता, दर वेळी महाग. आई म्हणायची, "पोरीला हे शिकवून काय उपयोग?" वडील म्हणायचे, "माझा हात सवयीत ऱ्हातो."

बाजाराच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. दीर पुढे, मी दहा पावलं मागे, डोईवर पदर, कमरेला पैशाची चंची. खांद्यावर मी स्वतः वळलेलं अंबाडीचं नवं दावं होतं, कारण विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणाऱ्याने आपलं आणायचं असतं. दीर वाटेत एकदाच मागे वळून बोलले, "दाव्याची घाई करू नगं, धाकटे."

काष्टीचा बाजार त्या वर्षी फुलून आला होता. दुष्काळात ज्यांनी जनावरं विकली ते सगळे परत घ्यायला आले होते. दिरांनी ओळखीचा एक व्यापारी गाठला. त्याच्यापुढे काळीभोर, तेल लावलेली म्हैस. दीर आणि तो रुमालाखाली गेले. मी म्हशीला वळसा घातला. शिंगांवर वयाची वळी असतात, ती कानशीने घासून वर तेल चोपडलं होतं. माझ्या आईच्या वयाची असावी ती म्हैस.

"भाऊजी," मी पदराआडून म्हटलं, "आधी दात बघा."

व्यापारी हसला. "बाईमाणसाला दातातलं काय कळतंय? तिकडं बांगड्यांचं दुकान हाय, ताई."

"दात बघायला बांगड्या काढाव्या लागत न्हाईत," मी म्हटलं.

आजूबाजूचे हसले, पण दिरांची मान खाली गेली. त्यांनी रुमालातून हात काढला आणि मला बाजूला घेतलं. "चार माणसांत शोभा करू नगं. नऊशेच्या खाली ह्यो उतरत न्हाई. आपल्यापाशी तेवढं हायेत का? न्हाईत. म्हंजे झालं. इंजन बरं, त्येचं दात बघावं लागत न्हाईत. मी चहा घिऊन येतो, मग निघू." आणि ते त्याच व्यापाऱ्याबरोबर चहाला गेले.

मी तिथेच उभी राहिले असते तर रडले असते, आणि बाजारात रडणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव मिळत नाही. म्हणून चालायला लागले.

बाजाराच्या कडेला एका लिंबाखाली एक म्हातारी म्हशीच्या पायांशी बसली होती. दुसऱ्या वेताची म्हैस, लांब शिंगं, कास भरलेली, पायांशी पारडू. अशा म्हशीभोवती गर्दी पाहिजे. इथे कुत्रं नव्हतं.

"मावशी, विकायची का?"

"न्हाई, तिला बाजार दाखवाया आणलीया." म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मालक कुठं हाय तुझा?"

"मीच घेणार हाय."

"मग बस."

ती विधवा होती, मूळची पुणतांब्याकडची. धार काढायला गुडघे वाकत नव्हते म्हणून विकायची. हा तिचा दुसरा बाजार. व्यापारी यायचे, म्हैस बघायचे, विचारायचे, "पुरुष माणूस कोण हाय संगट?" कुणी नाही म्हटल्यावर रुमाल झटकून पुढे जायचे. एक म्हणाला, माझ्यावर सोपव, मी विकून देतो. "त्येला म्हनलं, बाबा, तुला इकायची तर मी कशापायी वैरन घातली तिला?"

मी दात पाहिले, कास चाचपली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि धारेला बसले. परक्या हाताला म्हैस पान्हा चोरते, पण हिने थोडी मान हलवली आणि सोडला. म्हातारी माझ्या हातांकडे बघत होती.

"अंगठा मुडपून काढतीस. आईनं शिकवलंय."

"व्हय."

"बोटं येत्यात का?"

"बापानं शिकवलंय."

म्हातारीने आपला पदर ऐसपैस पसरला. "मग घाल हात. माझ्या धन्यानं पन्नास वर्सं माझ्याच बोटांवर सराव केला, आन् बाजारात नेली न्हाई एकदा."

तिचा हात लाकडासारखा होता. माझ्याहून जुना अंगठा, त्यावर माझ्यासारखाच घट्टा. तिने पंजा धरला आणि परत चार बोटं. नऊशे. मी सहा बोटं धरली. तिने माझं बोट असं पिळलं की मी ओरडणार होते. मी सात केली. दोन माणसं थांबली, मग पाच, मग वीस. दोन बाया पदराखाली सौदा करतायत ही बातमी बाजारभर झाली. कुणी म्हणालं, "बांगड्या मोजत असत्याल." म्हातारी तोंड वर न करता म्हणाली, "तुझ्या आयला इचार, तिलाबी यील." पदराखाली ती तोवर साडेआठाला आली असावी असं मला वाटलं, आणि मी शेवटचं म्हणून आठ बोटं धरून एक पेर दाबलं. म्हणजे साडेसातशे. म्हातारीने माझा हात गच्च दाबला. सौदा झाला.

मी दावं खांद्यावरून उतरवलं. चंची सोडली. म्हातारी म्हशीच्या कपाळाला हात लावून उभी राहिली. मग मी तिच्या ओटीत साडेसातशे ठेवले आणि ती म्हणाली, "आन् वरचं शंभर?"

"कसलं शंभर?"

"आठ बोटं आन् पेर. साडेआठशे."

"साडेआठशे? पेर दाबलं मी! पन्नास खाली! साडेसातशे!"

"पेर दाबलं म्हंजी वर!"

"आमच्याकडं खाली!"

"मग तुझ्याकडंच म्हैस घ्यायची व्हतीस!"

बाजारात भाव तोंडाने बोलणं म्हणजे भर देवळात जोडे घालून जाणं. आम्ही दोघी तो भाव लिंबाच्या झाडाइतक्या उंच आवाजात ओरडत होतो. माझा आवाज मुळातच बैलगाडीच्या आसाचा, म्हातारीचा त्याहून वरचा. साडेसात! साडेआठ! भोवतीची माणसं पोट धरून हसायला लागली, आणि पलीकडे एका सौद्यात रुमालाखाली हात घालून उभा असलेला व्यापारी ओरडला, "ए बायांनो, गप! माझं गिऱ्हाईक निघालं!" त्याचं गिऱ्हाईक खरंच निघालं. चांगली दुसऱ्या वेताची म्हैस साडेसात-साडेआठला बोलली जाते हे ऐकल्यावर त्याला आपल्या रुमालाखालचे बाराशे पटेनात.

तेवढ्यात गर्दीतून दीर घुसले. मिशीला चहा लागलेला. "धाकटे! काय चाललंय हे? आख्ख्या बाजारात भाव वराडती व्हय कुणी? चल घरी."

मी तिच्या ओटीतले पैसे परत चंचीत टाकले, दावं कमरेला गुंडाळलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, संपलं. साडेआठशे माझ्याकडे नव्हते. इंजिनाची धकधक मला तिथे उभ्या उभ्या ऐकू यायला लागली. पण रागावून उठणं आणि सौदा मोडून उठणं यात फरक असतो, तो मला वडिलांनी शिकवला होता. मी चार पावलं गेले आणि थांबले. वळले नाही. नुसती थांबले.

मागून म्हातारी म्हणाली, "ए पोरी. पेर वर का खाली ते पुन्हा बसून ठरवू."

दीर म्हणाले, "मी ठरवतो, मावशी. किती म्हणता?"

"तुमी कोण?"

"तिचा थोरला दीर."

"मग चहा पिऊन या अजून एक."

गर्दीतून जी हशाची लाट आली ती मला अजून ऐकू येते. आम्ही परत बसलो, पदर पसरला. आधी नियम केला, घेणारीचं पेर खाली, देणारीचं पेर वर. मग बोटं. या वेळी दोघी इतक्या हळू गेलो की भोवतीची माणसं माना वाकवून वाकवून थकली. कुणी म्हणे साडेसात, कुणी म्हणे आठ. मध्ये मी दोनदा उठले, म्हातारी एकदा उठली, आणि उठून परत बसताना तिला माझ्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला, त्यामुळे तिच्या उठण्यात काही जोर राहिला नाही. शेवटी तिने माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. पैसेसुद्धा मी पदराखालूनच दिले. तो आकडा आम्हा दोघींशिवाय कुणाला कळला नाही. तो मी इथेही लिहिणार नाही.

दाखल्याच्या टेबलापाशी कारकुनाने म्हशीचा रंग, शिंगं, वेत लिहिलं आणि विचारलं, "घेणार कोण?" दीर सवयीने पुढे झाले. नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं तोच म्हातारीने शाई लावलेला अंगठा हवेतच थांबवला.

"त्येला न्हाई इकली."

"आजी, नाव पुरुषाचं घालत्यात. एकाच घरची माणसं हायेत," कारकून म्हणाला.

"आसतील. पर हिला इकलीया. त्येला इकायची आसती तर साडेआठच घेतलं आसतं."

अंगठा हवेत, मागे रांग वाढत चाललेली, आणि रांगेतली माणसं ओरडायला लागली, "आरं घाल की बाईचं नाव, ऊन झालं!" कारकुनाने माझं नाव लिहिलं. तिने अंगठा उठवला. मी चौथी शिकलेली होते, मी सही केली, मुद्दाम मोठी.

म्हातारीने आपलं दावं सोडून घेतलं, मी माझं बांधलं. जाताना तिने म्हशीला काही सांगितलं नाही, मला सांगितलं, "कपाळावर खाजिवल्याबिगर पान्हा सोडत न्हाई ती. मगाशी सोडला, पर तो तुझ्यासाठी न्हाई, मी समोर हुते म्हणून."

आता गाऱ्हाणं इथून सुरू होतं. चार कोस आम्ही चालत आलो. थोरल्या दिराच्या पुढे चालायचं नाही, म्हणून दीर पुढे, हातात काठी. मागे म्हैस, पारडू, आणि सगळ्यात मागे दावं धरून, धूळ खात मी. वेशीत पारावर बसलेल्यांनी काय पाहिलं? काठी घेतलेला पुरुष आणि त्याच्या मागे म्हैस. "वा पाटील! केवढ्याला पाडली?" दिरांनी मिशीवरून हात फिरवला. नुसता हात फिरवला, बोलले काही नाहीत. मी म्हशीच्या शेपटीमागे उभी, थोरल्या दिरासमोर चारचौघांत तोंड उघडायचं नाही अशी रीत. बाजारात गळा फाडून आलेली मी, स्वतःच्या वेशीत मुकी. पुढच्या आठवड्यात त्या हाताचं एक वाक्य झालं, महिन्याने गोष्ट झाली, आणि वर्षाच्या आत दिरांना स्वतःलाही ती खरी वाटायला लागली. ते लबाड नाहीत. हीच तर अडचण आहे. लबाडाशी भांडता येतं.

कार्ड मात्र माझ्या नावाचं झालं, दाखला दाखवून. त्या म्हशीच्या मागे दुसरी आली, तिसरी आली. इंजिनसुद्धा आलं, त्यात माझ्या दुधाचा वाटा किती ते दीर सांगत नाहीत. गल्लीतल्या दोघी-तिघी माझ्याबरोबर बाजाराला यायला लागल्या. त्या लिंबाखाली आमचा पदर पसरायचा. म्हातारीकडे विकायला काही उरलं नव्हतं, तरी ती यायची, आमच्या चहावर बसायची आणि नवीन कुणी आली की आधी विचारायची, "पेर वर का खाली, ठरवलंय का?"

गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या लग्नात दिरांना टोपी-टॉवेल मिळाला. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, आणि गोष्ट सुरू. एका पोरीने, दिरांच्याच पणतीने, विचारलं, "पणजोबा, केवढ्याला घेतली?" ते म्हणाले, "आठशे धा." मागच्या लग्नात सातशे नव्वद होते.

मी उठले. त्यांच्या खांद्यावरचा नवा टॉवेल ओढला आणि त्यांच्या हातावर टाकला. त्याखाली माझा हात घातला. सगळा मांडव बघायला लागला. सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"सांगा बोटांनी, भाऊजी. केवढ्याला?"

त्यांच्या हाताने माझी बोटं चाचपली. एक धरलं, सोडलं. पंजा धरला, सोडला. मग ते माझ्याकडे वाकले आणि त्यांना वाटलं ते हळू बोलतायत, पण बहिऱ्या माणसाचं हळू बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"मला तवाबी कळलं न्हाई, धाकटे. मी मागं हुतो. तूच केलास की सौदा. सांग आता एकदा. मरायच्या आधी कळू दी."

आधी पणतीने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी.

मी सांगितलं. सगळी बोटं बरोबर सांगितली, आणि शेवटी एक पेर दाबलं.

दीर मोजत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "पेर वर का खाली?"

मी हात काढून घेतला आणि जेवायला गेले.